पिक्चर दोन दिवस आधीच थिएटरात येऊन पडतो, मग तो फुटत का नाही? मोठ्या फायली सुखरूप पाठवण्यामागचा विषय

शुक्रवारी सकाळचा पहिला शो. थिएटरबाहेर हलगी कडाडतेय, पोस्टरला हार घातलाय, तिकीट मिळालेली पोरं स्टेटस टाकतायत. आपल्याला वाटतं पिक्चर आज आला. पण प्रोजेक्शन रूममध्ये तो बऱ्याचदा दोन-तीन दिवस आधीच येऊन पडलेला असतो. अख्खा. पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या पाटीपर्यंत.

तरी मशीन चालवणाऱ्याला तो गुरुवारी रात्री लावून बघता येत नाही. पेनड्राइव्हवर कॉपी करून घरी नेला तर टीव्हीवर काहीच दिसणार नाही. फाइल त्याच्या हातात आहे, पण ती उघडण्याचा अधिकार अजून आलेला नाही.

मोठी फाइल एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पाठवायची, मधलं नेटवर्क बेभरवशाचं, आणि वाटेत कुणी उघडता कामा नये, ही अडचण फक्त सिनेमावाल्यांची नाही. लग्नाचं शूटिंग पुण्याच्या एडिटरकडे पाठवणारा फोटोग्राफर, सीटी स्कॅन दुसऱ्या शहरातल्या डॉक्टरला दाखवू पाहणारं हॉस्पिटल, शाखेचा डेटा हेड ऑफिसला पाठवणारी पतसंस्था, सगळे यात अडकतात. पण सिनेमावाल्यांनी यावर काढलेला तोडगा इतका स्वच्छ आहे की विषय तिथूनच समजून घेतलेला बरा. आणि सिनेमाचं म्हणाल तर कोल्हापूरला ते नवं नाही. प्रभात फिल्म कंपनी 1929 साली इथंच सुरू झाली आणि 1933 मध्ये पुण्याला गेली.

पेटीचा जमाना

प्रभातच्या काळापासून ते अगदी आपल्या लहानपणापर्यंत सिनेमा पत्र्याच्या पेटीतून प्रवास करायचा. 35 एमएमची रिळं मिनिटाला 90 फूट या वेगानं पळतात. म्हणजे अडीच तासांच्या पिक्चरला साडेतेरा हजार फूट फिल्म. ती वेगवेगळ्या रिळांत गुंडाळून, पेट्यांत भरून, रेल्वेनं किंवा गाडीनं गावोगाव जायची. प्रिंट महाग, म्हणून मोजक्याच निघायच्या. अनेक शहरांत एकाच प्रिंटवर दोन थिएटरं चालायची. इकडं पहिलं रीळ संपलं की पोरगा ते सायकलला लावून दुसऱ्या थिएटराकडं सुसाट. वाटेत पंक्चर झाली की तिकडं पब्लिकच्या शिट्ट्या सुरू.

तालुक्याच्या गावाला पिक्चर लागायचा तो शहरात चालून झाल्यावर. तोवर प्रिंटवर इतक्या रेघा पडलेल्या असायच्या की हिरो पावसात उभा आहे का उन्हात, ते कळायचं नाही.

एक फायदा मात्र होता. पेटी चोरली तरी चोराला प्रोजेक्टर लागणार. डिजिटल आल्यावर ते संरक्षण गेलं. आता चोरीला गेलेली वस्तू जागेवरच राहते आणि तिच्या हुबेहूब लाखभर कॉपी तासाभरात फिरतात.

225 जीबी म्हणजे नक्की किती?

थिएटरसाठीच्या सिनेमाला डीसीपी म्हणतात, डिजिटल सिनेमा पॅकेज. हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओंनी मिळून 2005 मध्ये त्याचे नियम ठरवले. त्यात नेहमीच्या 24 फ्रेमच्या सिनेमाला चित्राचा डेटा सेकंदाला 250 मेगाबिटपर्यंत जाऊ शकतो. दोन तासांचा हिशोब केला तर जास्तीत जास्त 225 जीबी. प्रत्यक्षात बरेच पिक्चर त्याहून कमी भरतात, पण शंभर जीबीच्या पुढं सहज जातात.

हे 40 एमबीपीएसच्या कनेक्शनवरून आणायचं म्हटलं तर साडेबारा तास लागतात. तेही कनेक्शन एकदाही न डगमगता चाललं तर. आणि आपल्याकडचं कनेक्शन कसं चालतं ते तुम्हाला सांगायला नको. रस्ता खोदताना केबल तुटते, लाइट जाते, पाऊस लागतो. जून 2023 मध्ये तर शहरातल्या तणावामुळं प्रशासनानंच कोल्हापूरचं इंटरनेट बंद केलं होतं.

मग हार्ड डिस्क बसमध्ये का ठेवू नये? ठेवतातच. आणि हा प्रकार वाटतो तितका मागास नाही. 1 टीबीची डिस्क घेऊन गाडी रात्री मुंबईहून निघाली आणि नऊ तासांत कोल्हापुरात आली, तर तिचा सरासरी वेग पडतो 245 एमबीपीएसच्या आसपास. घरच्या फायबरला लाजवेल असा. 2019 मध्ये जगानं कृष्णविवराचा पहिला फोटो बघितला, त्याचा डेटासुद्धा हार्ड डिस्कमध्ये भरून विमानानं नेला होता. दक्षिण ध्रुवावरच्या दुर्बिणीच्या डिस्क तर तिथला हिवाळा संपून विमान उतरेपर्यंत कित्येक महिने तशाच पडून होत्या. 2009 मध्ये दक्षिण आफ्रिकेत विन्स्टन नावाच्या कबुतराच्या पायाला 4 जीबीचं कार्ड बांधून सोडलं. कबुतर सुमारे 80 किलोमीटर उडालं, कार्डातला डेटा कॉम्प्युटरवर उतरवूनही झाला, तोवर इंटरनेटनं जेमतेम 4 टक्के फाइल पोचवली होती. आपल्याकडंही कबुतरांचा नाद असणारे कमी नाहीत, पण ते असो.

डिस्कची अडचण एकच. रस्ता बंद तर सगळं बंद. ऑगस्ट 2019 च्या महापुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळूर हायवे कित्येक दिवस पाण्याखाली होता. जुलै 2021 मध्ये पुन्हा तेच. अशा वेळी डिस्क किणी टोलनाक्याच्या पुढं सरकत नाही.

तिसरी वाट आकाशातून. मुंबईच्या यूएफओ मूव्हीज कंपनीनं 2005 पासून सॅटेलाइटवरून सिनेमे थिएटरांना पाठवायला सुरुवात केली. त्यांचा फॉरमॅट हॉलिवूडच्या नियमांपेक्षा वेगळा आणि फाइल हलकी, पण लहान गावातल्या सिंगल स्क्रीनसाठी खेळच बदलला. सिनेमा वर एकदाच पाठवायचा, खाली छत्री असलेलं प्रत्येक थिएटर तो एकाच वेळी उतरवून घेणार. मुंबईत शुक्रवारी लागलेला पिक्चर त्याच शुक्रवारी तालुक्यातही लागायला लागला, त्यामागं हे मोठं कारण आहे.

वाटेत तुटलं तर?

कुठलीही फाइल इंटरनेटवरून जाताना अख्खी जात नाही. तिचे बारीक तुकडे होतात, प्रत्येकी साधारण दीड हजार बाइटचे. 225 जीबीचे असे पंधरा कोटी तुकडे पडतात. नेहमीच्या टीसीपी पद्धतीत समोरचा "मिळालं, मिळालं" अशी पोच देत राहतो. पोच आली नाही की पाठवणारा तो तुकडा पुन्हा पाठवतो, आणि रस्त्यात गर्दी झाली असं समजून स्वतःचा वेगही कमी करतो.

गोची इथं आहे. तुकडा गर्दीमुळं हरवलाय की खराब वायरमुळं, हे टीसीपीला नीट कळत नाही. त्यामुळं लाइन मोकळी असली तरी थोडी गळती झाली की ते उगाच हळू होतं. सॅटेलाइटवर तर आणखी त्रास. सॅटेलाइट सुमारे 36 हजार किलोमीटर वर, म्हणजे पोच यायलाच अर्धा सेकंद. म्हणून मोठे स्टुडिओ वेगळी सॉफ्टवेअर वापरतात. ती तुकडे सतत पाठवत राहतात आणि फक्त हरवलेल्यांची यादी मागून घेतात. एकाच वेळी शेकडो ठिकाणी सॅटेलाइटनं पाठवताना तर गणित करून थोडे जादाचे तुकडे सोबत सोडतात. काही हरवले तरी उरलेल्यांवरून मूळ फाइल पुन्हा उभी करता येते.

साध्या माणसाला यातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची आहे, ती म्हणजे रिझ्यूम. 91 टक्क्यांवर तुटलं तर 91 पासूनच पुढं सुरू व्हायला पाहिजे. आमच्या एका शूटचं 38 जीबी फुटेज पाठवताना मी हे शिकले. वेबसाइट दिसायला चकाचक होती, पण नेट गेलं की पुन्हा शून्यापासून. तीन रात्री गेल्या, चौथ्या दिवशी डिस्क बॅगेत टाकली आणि एसटीत बसले.

रिझ्यूम करणारी साधनं जुनी आहेत आणि फुकट आहेत. आरसिंक 1996 पासून आहे. ते दोन्हीकडच्या फायली ताडून बघतं आणि जेवढा भाग बदललाय तेवढाच पाठवतं. रोजचा बॅकअप दुसऱ्या ऑफिसला पाठवायचा असेल तर याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही, फक्त कमांड लिहायची तयारी पाहिजे. ती नसेल तर सिंकथिंग बघा. दोन कॉम्प्युटरवर टाकायचं, एकमेकांची ओळख करून द्यायची आणि फोल्डर जोडायचा. मधे कुणाचं क्लाउड लागत नाही, डेटा कुलूपबंदच जातो आणि तुटलं तर राहिलेले तुकडे तेवढे जातात. फक्त दोन्ही कॉम्प्युटर एका वेळी चालू पाहिजेत.

पोचलं, पण तेच पोचलं का?

फाइल पूर्ण उतरली म्हणजे ती बरोबर उतरली असं नाही. टीसीपीची स्वतःची तपासणी फक्त 16 बिटची असते. कोट्यवधी तुकड्यांत एखादी चूक तिच्या नजरेतून सुटू शकते. शिवाय डिस्कवर लिहिताना काही बिघडलं तर नेटवर्कला त्याचा पत्ताच नसतो. सिनेमात याचा अर्थ इंटरव्हलनंतर पडद्यावर हिरवे चौकोन. सीटी स्कॅनमध्ये काय होईल, विचार करा.

उपाय म्हणजे हॅश, फाइलचा अंगठा म्हणा. कितीही मोठी फाइल द्या, एसएचए-256 हे गणित तिच्यावरून 64 अक्षरी ओळ काढून देतं. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी अख्खी ओळ बदलते. पाठवणाऱ्याची आणि घेणाऱ्याची ओळ जुळली की फाइल तीच. डीसीपीमध्ये प्रत्येक फाइलच्या हॅशची यादी सोबतच येते आणि थिएटरचा सर्व्हर पिक्चर उतरवून घेताना ती ताडून बघू शकतो. ती यादीसुद्धा कुणी बदलू नये म्हणून कुलूपबंद सिनेमात तिच्यावर डिजिटल सही असते.

हे सहीचं प्रकरण महत्त्वाचं आहे. हॅश आणि फाइल एकाच वाटेनं आली आणि मधे कुणी फाइल बदलली, तर तो हॅशही बदलून देईल. तुमचं सगळं जुळेल आणि तरीही फाइल खोटी असेल. म्हणून हॅश दुसऱ्या वाटेनं मागवायचा. फाइल ड्राइव्हवर, तर हॅशची शेवटची आठ-दहा अक्षरं फोनवर वाचून घ्यायची.

कुलूप वेगळं, किल्ली वेगळी

आता मूळ मुद्दा. थिएटरात पडलेला पिक्चर का उघडत नाही?

डीसीपीतलं चित्र आणि आवाज एईएस नावाच्या पद्धतीनं, 128 बिटच्या किल्लीनं बंद केलेले असतात. किल्ली त्या डिस्कमध्ये नसते. ती वेगळी येते, केडीएम नावाच्या छोट्या फाइलमधून. काही केबींची फाइल. शेकडो जीबींचा पिक्चर बसनं येवो, सॅटेलाइटनं येवो, वाटेत कुणाच्या हाती लागला तरी किल्लीशिवाय तो निव्वळ कचरा. आणि किल्ली इतकी लहान की टू-जीवरही पोचते.

मग किल्लीच चोरली तर? ते साध्या ईमेलनं येणाऱ्या फाइलचं तर काय अवघड आहे?

इथं खरा नाद खुळा प्रकार आहे. प्रत्येक थिएटर सर्व्हरकडं किल्ल्यांची स्वतःची जोडी असते. एक जाहीर, एक गुप्त. जाहीर किल्ली म्हणजे उघडं कुलूप समजा. थिएटरनं आपलं उघडं कुलूप आधीच वितरकाकडं देऊन ठेवलंय. वितरक सिनेमाची किल्ली एका डबीत ठेवतो, थिएटरचंच कुलूप दाबून बंद करतो आणि डबी पाठवून देतो. कुलूप दाबून बंद कुणालाही करता येतं. उघडतं फक्त त्या सर्व्हरच्या पोटातल्या गुप्त किल्लीनं, जी बाहेर काढता येत नाही, काढायला गेलं तर नष्ट होते. त्यामुळं एका स्क्रीनची केडीएम शेजारच्या स्क्रीनलाही चालत नाही.

त्या डबीत आणखी एक गोष्ट असते, वेळ. अमुक तारखेला अमुक वाजल्यापासून अमुक तारखेपर्यंतच किल्ली चालेल. मशीनवाल्यानं सर्व्हरचं घड्याळ पुढं करून गुरुवारीच शुक्रवार आणायचा म्हटलं तरी जमत नाही. आतलं घड्याळ सीलबंद असतं आणि वर्षाकाठी काही मिनिटांपलीकडं हलवता येत नाही.

याची किंमत थिएटरवाले मोजतात. शुक्रवारी सकाळी प्रोजेक्टरचा तो सुरक्षित बोर्ड बिघडला आणि बदलला, की जुनी केडीएम निकामी. पिक्चर समोर आहे, पब्लिक खुर्चीत आहे, आणि मॅनेजर नव्या किल्लीसाठी फोनवर गयावया करतोय. बऱ्याचदा "तांत्रिक कारणामुळे शो रद्द" या पाटीमागं हेच असतं.

मग पिक्चर फुटतात कुठं?

फुटतात तर खरं. पण कुठं फुटतात ते बघितलं की गंमत कळते. शाहिद कपूरचा उडता पंजाब 17 जून 2016 ला लागणार होता. दोन दिवस आधीच तो नेटवर आला आणि त्या कॉपीवर "फॉर सेन्सॉर" असं लिहिलेलं होतं. ऑगस्ट 2017 मध्ये गेम ऑफ थ्रोन्सचा एक भाग प्रसारणाआधी फुटला. त्यावर स्टार इंडियाचा वॉटरमार्क होता. भारतात त्या मालिकेचं काम सांभाळणाऱ्या प्राइम फोकस टेक्नॉलॉजीज या मुंबईच्या कंपनीनं तक्रार केली आणि महाराष्ट्र पोलिसांनी चार जणांना पकडलं. त्यात कंपनीचेच आजी-माजी कर्मचारी होते.

दोन्ही ठिकाणी कुणी वाटेतलं कुलूप फोडल्याची गोष्ट नाही. जिथं फाइल बघण्यासाठी उघडी ठेवावी लागते तिथल्या या कॉपी होत्या.

जगातलं सर्वांत गाजलेलं अलीकडचं प्रकरण याच जातीचं आहे. मूव्हइट हे सॉफ्टवेअर खास मोठ्या फायली सुरक्षित पाठवण्यासाठी विकलं जातं. मे 2023 च्या अखेरीस क्लॉप नावाच्या टोळीनं त्यातली एक चूक हेरली आणि दोन हजारांहून जास्त संस्थांचा डेटा पळवला. बीबीसी आणि ब्रिटिश एअरवेजच्या कर्मचाऱ्यांची माहितीही त्यात गेली. प्रवासात डेटा कुलूपबंदच होता. चोर शिरले ते ज्या सर्व्हरवर फायली जमा होऊन पडल्या होत्या तिथं. आपलं काम झाल्यावर फाइल तिथून काढून टाकली असती, तर चोराला तेवढी कमी सापडली असती.

आता आपलं घरचं

व्हॉट्सअ‍ॅपवर 2022 पासून 2 जीबीपर्यंतची फाइल जाते आणि ती कुलूपबंद जाते. पण फोटो-व्हिडिओ म्हणून पाठवलात तर ते दाबून लहान केलं जातं, मूळ दर्जा गेला. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. जीमेल 25 एमबीवर हात वर करतं आणि ड्राइव्हची लिंक बनवतं. त्या लिंकला "लिंक असलेला कुणीही" हा पर्याय देणं म्हणजे दाराला कुलूप लावून किल्ली पायपुसण्याखाली ठेवणं. लिंक कुठल्या ग्रुपवर फॉरवर्ड झाली, तुम्हाला कळणार नाही. समोरच्याचा ईमेल टाकून त्यालाच परवानगी द्या, दोन मिनिटं जास्त लागतात. आणि एकाच वेबसाइटवर धंदा उभा करू नका. मे 2020 मध्ये केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागानं वीट्रान्सफर ब्लॉक करायला सांगितलं तेव्हा लॉकडाऊनमध्ये घरी बसलेले डिझायनर आणि एडिटर एका दिवसात अडचणीत आले होते.

कागदपत्रं, रिपोर्ट, क्लायंटचं फुटेज असं काही असेल तर सिनेमावाल्यांची युक्ती घरी करता येते. सेव्हन-झिप हे फुकट सॉफ्टवेअर घ्या. सेव्हन-झेड फॉरमॅट निवडा, मोठा पासवर्ड द्या, "फाइलची नावंही लपवा" या अर्थाच्या चौकटीवर टिक करा. साधी झिप करणार असाल तर एईएस-256 निवडा, जुनी झिपक्रिप्टो पद्धत कच्ची आहे. तिथंच "तुकडे करा" असा पर्याय मिळतो, 20 जीबीचे दोन-दोन जीबीचे दहा भाग पडतात. एक भाग बिघडला तर तोच पुन्हा पाठवायचा. राइट क्लिक करून एसएचए-256 ही काढता येतो.

पासवर्ड त्याच ईमेलमध्ये लिहायचा नाही. तो फोनवर सांगायचा. आणि "कोल्हापूर123" ठेवायचा नाही, चार-पाच असंबद्ध शब्द जोडले तरी चालतं. डिस्कनं पाठवत असाल तरी हेच, कारण बसमध्ये विसरलेली डिस्क कुणाला सापडेल सांगता येत नाही. मूळ कॉपी मात्र समोरच्यानं हॅश जुळल्याचं सांगेपर्यंत स्वतःकडून पुसू नका. जुळल्याचा फोन आला की ड्राइव्हवरची लिंक त्याच दिवशी बंद करा.